कोरडा शर्ट

अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तंबूंचा तुरुंग तव्यासारखा तापला होता. तंबू ठेवायचे की मोडायचे ठरवायला समिती आलेली, म्हणून सार्जंटने थर्मामीटर कूलरसमोर टांगला. “सैनिकही तंबूतच राहतात. चोरांना काय धाड भरलीय?” तो गुरगुरला. पहारेकरी रमोना कैदी मोजत होती. सगळे घामाने निथळत होते. म्हाताऱ्या युसेबियोचा शर्ट मात्र कोरडा. “बघ पोरी, घामसुद्धा येईना! झालो की नाही सैनिक?” तो बरळला. बाकीचे हसले. रमोना मोजायची थांबली. वाळवंटात घाम थांबलेला माणूस टिकत नाही. “सार्जंट, याला फाटकाबाहेर दवाखान्यात नेते.” “समिती जाईपर्यंत फाटक उघडायचं नाही!” तेवढ्यात थर्मामीटर वाचून समितीच्या बाई म्हणाल्या, “फारसं तापत नाही.” रमोनाने त्यांचा हात धरून युसेबियोच्या मानेवर ठेवला. चटका बसल्यासारखा त्यांनी हात मागे ओढला. रमोनाने सोडला नाही. “आधी फाटक उघडायला सांगा.”