अठरा मिनिटं

कऱ्हाडहून उडालेलं विमान कवलापूरच्या माळावर यायला अठरा मिनिटं लागायची. विमान चालवायला शिकणारी रेश्मा निघताना मिस कॉल द्यायची. तिचे वडील नाथाजी, जुने फौजी, घड्याळ लावून चहा ठेवायचे आणि अठराव्या मिनिटाला अंगणातून टॉवेल हलवायचे.

आजारानं ती गेली. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा मिस कॉल पुन्हा येऊ लागला. विमान दिसायचं नाही, नुसती घरघर डोक्यावरून जायची. रोज एक मिनिट लवकर. काल तर एकाच मिनिटात गेली.

आज फोन वाजला. नाथाजी घड्याळाकडं बघतायत तोवर मागं उंबऱ्यापाशी बूट काढल्याचा आवाज आला.

ते वळले नाहीत. फळीवरून दुसरा कप काढत म्हणाले, "लय लांबनं आलीस गं. बस, चहा ठेवतो."

मागं खुर्ची करकरली.