‘कब’ची नोंद

“सही कर आणि मोकळी हो.” शब्दकोशाच्या प्रमुख संपादकांनी छापायचं पान लेकीपुढे सरकवलं. “छापखान्याचा माणूस दारात ताटकळलाय.”

ती उपसंपादक. घरी बाबा, इथे सर. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पान पुढे जात नसे, आणि सरांची सही कधीच झाली होती.

तिचं बोट ‘कब’ या इंग्रजी शब्दावर अडलं होतं. अर्थ चोख होते: आधी कोल्ह्याचं पिल्लू, मग अस्वलाचं, सिंहाचं, पुढे नवशिका बातमीदारसुद्धा. खाली उगम होता: ‘गुहा’ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून. तीस वर्षं तो तसाच छापला जात होता.

“सर, याला आधार काय?”

“अगं, तीन-तीन कोशांत आहे. कपाटात बघ.”

“बघितलं. तिघांनीही आपल्या या कोशाचाच हवाला दिलाय.”

घ्या! म्हणजे पुडी आपणच सोडायची आणि वर तिलाच साक्षीला धरायचं. ही नोंद पहिल्यांदा ज्यावर लिहिली गेली ते मूळ कार्ड तिने टेबलावर ठेवलं. अक्षर बाबांचं. आधाराच्या जागी एवढंच लिहिलेलं: ‘नंतर बघू’.

बाबांचा चेहरा पडला आणि लगेच पारा चढला. “काल आलेली पोर मला शिकवणार? कोल्ह्याच्या पिल्लाचा शब्द कुठून आला, यावाचून कोणाचं अडलंय?”

“मग लिहिलंत कशाला?” तिचा आवाज चिरकला. सही केली तर आपलं इमान जातं, नाही केली तर बापाची अब्रू. “मी सही करणार नाही, बाबा. हवं तर काढून टाका मला.”

दारातला माणूस उगाचच खाकरला.

बाबांनी लाल पेन उचलून पानावरची ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘उगम अज्ञात’. तिने सही ठोकली. माणूस पान घेऊन गेला. सुटलो बाई एकदाचे, असं तिला वाटलं.

“दार लाव,” बाबा हळूच म्हणाले. त्यांनी खिशातून एक किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. “हे एक कार्ड चुकून बाहेर राहिलं होतं. ‘नंतर बघू’ची बाकीची खालच्या खणात आहेत.”

ती खाली बसली. कुलूप उघडलं. पण दोन्ही हातांनी ओढला तरी खण हलेना, इतकी कार्डं त्यात ठासून भरली होती.