रोजचं खुसपट

प्रोटॉनच्या टकरीतून किती कण बाहेर पडतात, या मोजणीच्या लेखावर नावं होती हजारभर शास्त्रज्ञांची. पण शंकांना उत्तरं द्यायची वेळ आली की सगळे गायब, उरायची ती तळघरात बसणारी एकटी संशोधक पोर. शंका काढणं हे छापण्याआधी लेख तपासणाऱ्या म्हाताऱ्या परीक्षकाचं कामच होतं. बायको गेल्यापासून त्याला दुसरं कुणी चार ओळी लिहीत नव्हतं, म्हणून तो रोज एक नवं खुसपट काढायचा. "मंद कण यंत्राला दिसलेच नाहीत, तर मोजले कसे?" इथून निघालेली गाडी हळूहळू "आलेखातले ठिपके जरा ठळक करा" इथवर घसरली.

"अहो सर, पोरीचा जीव घेताय की काय!" शेवटी विभागप्रमुख बाई करवादल्या. "करून टाका की मंजूर!"

त्याने जड हाताने 'मंजूर' लिहून पाठवलं. उद्यापासून आपल्याला कोण विचारतंय, असं पुटपुटत तो खुर्चीतून उठतो न उठतो तोच त्या पोरीचं उत्तर आलं.

 

"सर, एवढ्यात मंजूर? तिसऱ्या आलेखात मी मुद्दाम चूक ठेवलीय, ती शोधा आधी. नाहीतर उद्या मी बोलू कुणाशी?"