मेणाचे चुरमुरे

डबा उघडला आणि लसणाचा वास आला. मेणाला लसणाचा वास येत नाही, एवढं रसायनशास्त्र मुकुलला येत होतं.

त्याने आत पाहिलं. काल मेण लावून ठेवलेले पांढरे चुरमुरे गायब होते. त्यांच्या जागी भडंग होतं. पिवळंधमक. शेंगदाणे, कढीपत्ता, सगळं यथासांग.

समोर साताऱ्याहून आलेले परीक्षक मसूरकर सर मोज्यांवर उभे होते. साल शहाण्णव. सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत बूट काढूनच जायचं. कॉम्प्युटरला देवापेक्षा कडक सोवळं होतं. मसूरकर सर कधी हसत नसत. सातारा-सांगलीत मिळून त्यांचे दात कुणी पाहिले नव्हते. त्यांना दात नाहीतच, असं मानणारा विद्यार्थ्यांचा एक पंथ होता.

मुकुलचा विषय होता फ्युएल सेल. एका बाजूने हायड्रोजन घालायचा, दुसऱ्या बाजूने हवा, आणि वीज काढायची. भानगड एवढीच, की विजेबरोबर पाणीही तयार होतं. ते कार्बनच्या सच्छिद्र थरातून बाहेर पडावं लागतं. सगळी छिद्रं पाण्याने तुंबली की हवेला आत यायला जागा नाही, आणि वीज बंद. मुकुलच्या मॉडेलचं म्हणणं असं, की छिद्रांना पाणी न धरणारा लेप द्या. पाणी एखादीच वाट पकडून निघून जाईल, बाकीची छिद्रं कोरडी राहतील. एवढं म्हणायला कॉम्प्युटरने गणपती ते दिवाळी घेतली होती, कारण मध्येमध्ये लाईट जायची.

"पडद्यावर मीसुद्धा हत्ती उडवून दाखवीन," मसूरकर सर मागच्या खेपेला म्हणाले होते. "डोळ्यांनी दिसलं पाहिजे. नाहीतर घरी जा."

घरी म्हणजे मामांच्या हळदीच्या दुकानात. मामांनी तराजू पुसून ठेवला होता.

कार्बनचा थर परदेशातून यायचा होता, आणि वर्षभर येतच होता. म्हणून त्याच्या जागी काचेच्या नळीत चुरमुरे, आणि लेप म्हणून मेण. मुकुलने डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि आईला, गोदावरीबाईंना, बजावलं, "हे सरांसाठी आहेत. हात लावू नकोस." त्यांनी हात लावला नाही. झाऱ्याने काढले आणि डब्यात ताजं भडंग भरलं. साताऱ्याचा पाहुणा येणार आणि सांगलीकरांनी त्याच्यापुढे बिनफोडणीचे चुरमुरे ठेवायचे? तेही मेणचट?

"हे काय?" सरांनी डब्याकडे बोट केलं.

"लेप, सर."

"पिवळा?"

"नीट लागलाय की नाही ते लगेच दिसतं, सर."

"आणि हा कढीपत्ता?"

"अशुद्धी."

"शेंगदाणे?"

"निसर्गात सगळे कण सारखे नसतात, सर."

शिपाई जोतीराम दारातून म्हणाला, "आवं सर, लय ब्येस वास सुटलाय. परीक्षा हाय का न्ह्यारी?"

मुकुलने तराजू आठवला, डोळे मिटले, नळी भडंगाने भरली आणि वरून निळ्या शाईचं पाणी सोडलं.

पाणी थबकलं. तेलकट चुरमुऱ्यांवर थेंब गोट्यांसारखे डुलले. मग एका शेंगदाण्याच्या कडेने बारीक निळी रेघ निघाली, वळत वळत खाली उतरली आणि बुडातून टपटप गळू लागली. बाकी नळी पिवळीच्या पिवळी. जोतीरामने प्रयोगासाठी आणलेला सायकलचा पंप खालून मारला, तर हवा आरपार. कढीपत्त्याचं एक पान वरून उडालं आणि सरांच्या चष्म्यावर बसलं.

पडद्यावरही तशीच एक वाकडी रेघ होती.

सरांनी पान काढलं. "वरून कोरडं दिसतंय," ते म्हणाले. "आतून सादळलं असेल."

त्यांनी नळी थाळीत उपडी केली, बरोबर मधली मूठ उचलली आणि तोंडात टाकली.

"सर, शाई..."

कुर्रम. कुर्रम. कुर्रम. इतक्या शांततेत सांगलीत आजवर कुणी भडंग खाल्लं नसेल. जोतीराम पंप छातीशी धरून ऐकत होता.

"तुमच्या मॉडेलमध्ये एक दोष आहे," सर म्हणाले.

मुकुलच्या नाकात मामांच्या दुकानातली हळद गेली.

"मीठ कमी आहे. बाकी पास."

आणि मसूरकर सर हसले. जोतीरामच्या हातून पंप पडला. दात होते! सगळेच्या सगळे, पांढरेशुभ्र. फक्त एका दातावरून एक बारीक निळी रेघ खाली उतरली होती.