चिप नसलेली चाकं

वत्सला खोतांचं प्रागहून आलेलं पार्सल तीन महिने पुण्याच्या कस्टममध्ये अडकलं होतं. ओळख सांगणारी चिप नसलेली वस्तू सीमेतून आत येऊ देत नसत आणि त्यांनी मागवली होती हातानं कापलेली पितळी दातेरी चाकं. आज ती वितळवणार होते, म्हणून त्या कस्टमच्या खिडकीशी आल्या होत्या.

"काकू, आमच्या या तपासणी यंत्राला ती वाचता येत नाहीत," अधिकारी फरीदा मुलाणी म्हणाल्या. "जे वाचता येत नाही, ते त्याच्या लेखी धोकादायक."

"मग मी त्याला दाखवते. दहा मिनिटं द्या."

फरीदांनी चाकं समोर ठेवली. वत्सलाबाईंनी पिशवीतून स्वतः घडवलेला पत्र्याचा हत्ती काढला, त्यात चाकं बसवली आणि किल्ली पिळली. हत्ती सोंड हलवत टेबलावर चालू लागला.

"याला आज्ञा कोण देतं?" यंत्रानं विचारलं.

"कोणी नाही. पिळलेली स्प्रिंग सुटते, तेवढंच."

यंत्रानं हत्ती थांबेपर्यंत त्याची चाल टिपली. मग पडद्यावर नवा वर्ग उमटला: 'चिपविना वस्तू, निर्धोक.' गोदामातली अडकलेली एकशे चाळीस पार्सलं एकदम मोकळी झाली. व्हायोलिनच्या तारांसाठी आठ महिने खेटे घालणारे एक गृहस्थ रांगेतून पुढे आले आणि त्यांनी वत्सलाबाईंना वाकून नमस्कार केला.