नऊ नंबरचा शर्ट

हॅमिशनं ड्रेसिंग रूमचं दार ढकललं आणि तो थबकला. त्याच्या जुन्या खुंटीवर नऊ नंबरचा शर्ट इस्त्री करून टांगलेला होता.

दोन वर्षांपूर्वी फायनलची पेनल्टी हुकली, पाठोपाठ गुडघा गेला. स्कॉटलंडमधल्या त्या छोट्याशा गावात तेव्हापासून त्याला पाहिलं की लोक तोंड फिरवत. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच पुन्हा खेळायला आला होता.

“हा कुणाचा?”

“तुझाच,” खेळाडूंचे कपडे धुणाऱ्या मोरागबाई म्हणाल्या. “दर शनिवारी धुऊन टांगते.”

त्या दिवशीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला चिखलात सूर मारून त्यानं डोक्यानं गोल केला. मैदान दणाणलं.

आत आल्यावर माखलेला शर्ट त्यानं ओशाळतच मोरागबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“दोन वर्षं धुतलेलाच शर्ट धूत होते मी. आज कुठं साबण कारणी लागला!”