चाटूनपुसून

आईनं पातेल्याच्या तळाशी राहिलेलं भोपळ्याचं सूप बोटानं निपटून तोंडात घातलं आणि तसंच बेसिनमध्ये थुंकलं.

कडू! साधंसुधं नव्हे, कडूजहर. जीभ आक्रसली, घसा आवळला. तिनं नळाखाली तोंड धरून चुळा भरल्या, तरी कडवटपणा जागचा हलेना. मग तिची नजर टेबलावर गेली. ठमीचा वाडगा रिकामा होता. रिकामा म्हणजे कसा, घासायची गरज पडू नये इतका चाटूनपुसून लख्ख.

या घराचा कायदाच तसा होता. पानात पडलं ते पोटात गेलंच पाहिजे. साली खतात, खत वाफ्यात, वाफ्यातलं पुन्हा पानात. अन्नाचा कण वाया गेलेला आईला खपत नसे. सुट्टीच्या दिवशी ती गच्चीवर लोकांना भाजीपाला लावायला शिकवायची, तेव्हा लेकीला मुद्दाम पुढे उभं करायची. "ही बघा, एवढीशी आहे, पण पानात काही टाकत नाही." ठमी अशी फुलायची की विचारू नका.

तासाभरापूर्वी याच ठमीनं पहिल्या चमच्याला तोंड वेडंवाकडं केलं होतं. "आई, कडू आहे गं."

"भोपळा कधी कडू असतो का? नखरे पुरे. आपल्या वेलाचा आहे, आपल्या बियांचा. संपव मुकाट्यानं."

आपल्या बियांचा! आता ते आठवून आईला दरदरून घाम फुटला. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी कुंपणावर शोभेच्या भोपळ्यांचा वेल चढवला होता. पट्ट्यापट्ट्यांचे, मुठीएवढे, नुसते बघायचे भोपळे. खाल्ले तर विषच. मधमाश्यांना कुठलं आलंय कुंपण? काकूंच्या फुलावरून उठून त्या हिच्या फुलांवर बसल्या असणार. आणि हिनं त्याच वर्षीचं बी मोठ्या कौतुकानं राखून ठेवलं, यंदा लावलं. हे असं होतं, हे तिला माहीत नव्हतं असंही नाही. शिकायला येणाऱ्यांना ती स्वतःच बजावायची, की भोपळा कडू लागला तर थुंकून टाका, उकळून विष जात नाही.

तिनं बहिणीला फोन लावला. बहीण जवळच्याच दवाखान्यात नर्स होती.

"किती खाल्लं?"

"वाडगाभर."

"वाडगाभर? अगं, इतकं कडू पोर खाईल कशी?"

"मी बसले होते ना समोर," ती कशीबशी म्हणाली.

बहिणीचा आवाज एकदम बदलला. "घरी कसलेही उपाय करत बसू नकोस. आहे तशी उचल आणि घेऊन ये. डॉक्टरांना सांगते मी. निघ!"

"ठमे!" आईनं हाक मारली. ठमी खोलीत नव्हती, पलंगाखाली नव्हती. बाथरूमचं दार उघडं होतं, आत कोणी नाही. आईच्या डोळ्यांपुढे नको नको ते येऊ लागलं. "ठमे, ओ दे गं!" स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. गच्चीचा जिना ती धापा टाकत चढली. चप्पल कुठे निसटली, तिला कळलंही नाही.

ठमी कोपऱ्यात खताच्या बादलीला धरून उकिडवी बसली होती. चेहरा पांढराफटक, केस कपाळाला चिकटलेले. बादलीचं झाकण तिनं नीट काढून बाजूला ठेवलं होतं. पोट दाबून ती पुन्हा वाकली, कळवळली, ओकली. आईनं तिला मागून धरलं. पाठ घामानं ओली होती आणि गार लागत होती.

"चल बाळा, मावशीकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता." तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि जिन्याकडे धावली. भीतीनं तोंडाला येईल ते ती बोलत होती. "बाथरूम जवळ होतं ना गं? मला हाक मारायचीस. असं पोट दुखत असताना एवढा जिना कशाला चढलीस?"

ठमीनं मान तिच्या खांद्यावर टाकली. तिच्या तोंडाला तोच कडू वास येत होता.

"खताच्या बादलीतच ओकले मी, आई," ती भीत भीत म्हणाली. "वाया नाही ना गेलं?"